बाईसाहेब घाट उतरतात

पुण्याच्या माणसाला मुंबईस जायचे म्हटले, की बोरघाट उतरणे आलेच. मीही तो आजवर शेकडो वेळा उतरलो असेन. लहानपणी शाळेच्या सहलीत गाणी म्हणत, पुढे मित्रांच्या लग्नाच्या वऱ्हाडात पेंगत, आणि आता प्राध्यापक झाल्यावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन. इतक्या वेळा उतरूनही घाट म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते. ते कळले यंदाच्या जानेवारी-फेब्रुवारीत, आणि कळले ते नव्वदी ओलांडलेल्या एका बाईंच्या कृपेने.

या बाई म्हणजे आमच्या अण्णामामांची मोटार. १९३० सालची फोर्ड, 'मॉडेल ए' जातीची, कापडी टपाची. मामांच्या आजोबांनी ती घेतली, वडिलांनी सांभाळली आणि मामांनी तिला डोक्यावर बसवून ठेवली. घरात तिला सगळे 'बाईसाहेब' म्हणतात. बाहेर पडायचे तर तयारीला तास लागतो, पावसात रुसते, आणि एकदा निघाली की रस्त्यावरचे झाडून सारे लोक वळून बघतात. तेव्हा दुसरे नाव शोभलेही नसते.

वाचकहो, मोटारीतले मला फारसे कळत नाही. माझा विषय मराठी. तरी या प्रकरणानंतर जे थोडे शिकलो ते सांगतो. फोर्डने ही गाडी १९२७ च्या डिसेंबरात लोकांपुढे आणली आणि चारेक वर्षांत अशा ४८ लाखांवर गाड्या बनल्या. चार सिलिंडरांचे इंजिन, ४० घोड्यांची ताकद. चारही चाकांना ब्रेक; पण ते आजच्यासारखे तेलाच्या दाबाने चालणारे नव्हेत. पायाखालची पट्टी दाबली की लोखंडी सळ्या ओढल्या जातात आणि चाकामागच्या पातेल्यासारख्या ड्रममध्ये दोन कमानी पसरून त्याला आतून घासतात. म्हणजे गाडी थांबते ती चालकाच्या मांडीतल्या बळावर. तेलाचे ब्रेक फोर्डने आपल्या गाड्यांना लावले ते १९३९ साली.

जानेवारीत मुंबईला जुन्या मोटारींचा एक मेळावा होता. २०२१ साली सरकारने नियम केला, की पन्नास वर्षांवरच्या जुन्या जतन केलेल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळेल, मात्र त्या रोजच्या वापरात आणायच्या नाहीत. मेळावा, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कारणांनीच बाहेर काढायच्या. तेव्हा मेळाव्याचे निमंत्रण म्हणजे बाईसाहेबांना माहेरपणाचे बोलावणे. मामांनी महिनाभर आधी तयारी सुरू केली. चाके उतरवून एका दुकानात रंगायला दिली. ती अशी साजूक तुपाच्या रंगाची होऊन आली, की मामी म्हणाल्या, "माझ्या लग्नातसुद्धा एवढी हौस केली नव्हती."

सगळ्यांनी सांगून पाहिले, की गाडी ट्रकवर चढवून न्या. मामा एकोणऐंशी वर्षांचे. ते म्हणाले, "मी सहा वर्षांचा होतो तेव्हा माझ्या वडिलांनी याच गाडीतून मला घाट दाखवला. आता तिला ओझ्यासारखी बांधून नेऊ? जमणार नाही." मग ठरले की मामा चालवणार, मी शेजारी बसणार, आणि हट्ट करून आमची बारा वर्षांची कन्या मागे बसणार. आमची ही आणि मामी शहाण्या. त्या आदल्याच दिवशी रेल्वेने मुंबईला गेल्या.

पहाटे साडेपाचला निघालो. थंडी मी म्हणत होती. द्रुतगती मार्ग बाईसाहेबांच्या चालीचा नव्हे; आम्ही जुन्या रस्त्याने, ताशी चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने देहूरोड, तळेगाव मागे टाकले. वडगावला उजाडले. १७७९ साली इंग्रजांची फौज इथवर येऊन अडली आणि मराठ्यांशी तह करून परत फिरली, हे मी कन्येला सांगत होतो. घाटाखालून एवढ्या तोफा वर ओढून आणल्या आणि शेवटी मागे फिरावे लागले, याचे तिला फार वाईट वाटले. "मग त्या तोफा परत खाली कशा उतरवायच्या?" असे तिने विचारले. मला उत्तर सुचले नाही. उतरण्याचा विचार इतिहासाच्या पुस्तकांतही फारसा नसतो.

कामशेतला रस्त्यात म्हशी आडव्या आल्या म्हणून थांबलो. पुन्हा निघताना मागून आवाज आला, 'टक्'. एकदाच. मग काही नाही.

मी वृत्तांचा माणूस. वर्गात मुले कविता म्हणू लागली की ठेका कुठे चुकला ते मला डोळे मिटून कळते. पुढे एका वळणावर मामांनी ब्रेक दाबला, पुन्हा 'टक्'. सोडला, वेग घेतला, पुन्हा 'टक्'. मी मामांकडे पाहिले. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. ते वडिलांच्या आठवणी सांगत होते. मी काहीच बोललो नाही. मोटारीतले मला काय कळते? आणि या वयाच्या माणसाला, त्याच्या आयुष्याच्या हौसेच्या दिवशी, काय म्हणून टोकायचे? कार्ल्याच्या फाट्याशी कन्येने विचारलेच, "आजोबा, हा आवाज कसला?" मामा हसून म्हणाले, "जुनी हाडं आहेत बाळ, वाजायचीच. माझीही वाजतात." मीही हसलो. आज ते हसणे आठवले की मान खाली जाते.

लोणावळा मागे पडले. खंडाळ्याला, जिथून उतार सुरू होतो तिथे आम्ही चहाला थांबलो. चहा झाला. मामांनी गाडी सुरू केली. ती आधी जराशी मागे सरली आणि मग पुढे निघाली, तसे दोन स्वच्छ आवाज आले. टक्, टक्.

"आजोबा, थांबवा. मला उतरायचंय."

कन्या खाली उतरली आणि उजव्या बाजूच्या मागच्या चाकाशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, "आवाज इथून येतो. मी आता या गाडीत बसणार नाही. बाबा, तुम्हीही बसू नका."

मामांचा चेहरा पडला. त्यांनी इंजिन बंद केले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"तुला ऐकू येत होता?"

"हो."

"कुठपासून?"

"कामशेतपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला कसं सांगायचं, म्हणून..."

"मला कमी ऐकू येतं हे तुला माहीत आहे. तरी?" एवढे बोलून ते रस्त्याकडेच्या कठड्यावर जाऊन बसले.

त्यांच्या गाडीचे काम बघणारे एक म्हातारे मिस्त्री पुण्यात आहेत. मी त्यांना फोन लावला. त्यांनी एकेक गोष्ट करायला सांगितली. बाकीच्या चाकांना दगडाची उटी लावा, जॅक लावून ते चाक उचला, वरखाली धरून हलवा. चाक हलले. मधली टोपी काढा. टोपीखाली अॅक्सलच्या टोकाला किल्ल्याच्या बुरुजासारखे खाचे असलेला नट होता, आणि त्यातून स्प्लिट पिन मिशा पिळून ऐटीत बसलेली होती. मी नटाला बोट लावले. पाना नव्हे, नुसते बोट. नट हलला.

फोनवर क्षणभर काही ऐकू आले नाही. मग मिस्त्री म्हणाले, "मास्तर, तिथून गाडी एक हातभरसुद्धा हलवायची नाही. मी ट्रक घेऊन येतो."

ते येईपर्यंत अडीच तास होते. इतका वेळ त्या जागी मी कधी बसलो नव्हतो. एरवी इथून माणूस जातो तो खिडकीतून 'बघ, बघ' म्हणेपर्यंत. समोर नागफणीचा सुळका, पलीकडे राजमाचीचे जोडकिल्ले, खाली उल्हास नदीची दरी, आणि तळाशी धुक्यात बुडालेले कोकण. लोणावळा समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांवर उंच. खोपोली पार खाली. मधला सारा प्रकार म्हणजे हा घाट. पूर्वी इथून माणसे पालखीत आणि माल बैलांच्या पाठीवर जात असे. चाकाच्या वाहनांसाठी रस्ता झाला तो गव्हर्नर मालकमच्या कारकिर्दीत, १८३० साली. त्यानंतर ३३ वर्षांनी, १८६३ साली रेल्वे आली. आमच्या पिढीची ओळखीची खूण म्हणजे अमृतांजन पूल. तो २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ते ओस असताना पाडला. माणसाने इथे वाटा काढल्या, पूल बांधले, पाडले. उतार मात्र आहे तेवढाच आहे.

कन्या मामांच्या शेजारी जाऊन बसली होती. तिने डब्यातली गुळपोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती खाल्ली, तेव्हा मला जरा हायसे वाटले.

मिस्त्री आले ते तोंडाला फडके बांधूनच. त्यांनी पिन काढली, नट सोडवला आणि ओढणीचे यंत्र लावून हबसकट ड्रम बाहेर काढला. कन्या आतली धूळ फुंकायला वाकली तशी त्यांनी तिला एकदम मागे ओढले. "फुंकायचं नाही पोरी. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ती धूळ छातीत गेली तर फुप्फुसं खाते." त्यांनी ओल्या फडक्याने आतला भाग टिपून घेतला. मग अॅक्सलच्या निमुळत्या टोकावरच्या खाचेतून त्यांनी एक लोखंडी तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीएवढी लांब, चौकोनी चावी. तिच्या मधोमध पायरी पडली होती. निम्मी जाडी कापली गेली होती.

"ही बघा तुमची 'टक्'," ते म्हणाले.

त्यांनी समजावले ते असे. या गाडीचे मागचे चाक, ड्रम आणि हब अॅक्सलच्या निमुळत्या दांड्यावर दाबून बसवलेले असतात. सारा जोर घ्यायचा तो या घट्ट बसण्याने. चावी फक्त जागा धरून ठेवते. त्यासाठी दांडा आणि हब कोरडे, स्वच्छ असावे लागतात, आणि नट सणसणीत आवळावा लागतो. १०० ते १२५ फूट-पौंड, म्हणजे दोन फुटी पान्याच्या टोकावर पन्नास-साठ पौंडांचा भार द्यायचा. तो ढिला राहिला की हब दांड्यावर किंचित फिरू लागतो. निघताना एका बाजूला, ब्रेक मारताना दुसऱ्या बाजूला. प्रत्येक फेरीला चावीवर घाव पडतो.

"आणि चावी तुटली असती तर?"

"सपाटीवर तुटली तर गाडी जागच्या जागी गुरगुरत उभी राहते. घाटात तुटली तर इंजिनचा आवर गेला, कारण एका बाजूचा दांडा मोकळा फिरला की दुसऱ्या चाकालाही इंजिन धरून ठेवत नाही. मग सगळा भार ब्रेकवर. आणि नट निघाला, तर चाक जातं. चाकाबरोबर ड्रम जातो. ड्रम गेल्यावर ब्रेक धरणार कशाला?"

चूक कुठे झाली तेही त्यांनी दाखवले. रंगासाठी ड्रम उतरवले होते. परत बसवताना कोणीतरी नट आवळला, पण पिनेचे भोक खाचेसमोर येईना. अशा वेळी नट आणखी पुढे आवळून पुढची खाच जुळवायची असते. त्या माणसाने तो थोडा मागे फिरवला, भोक जुळले, पिन घातली, काम संपले. एवढेच. शिवाय चाकाच्या पाचही नटांखाली रंगाचा जाड थर होता. तो दबला, की तेही नट ढिले पडतात. "रंग झकास दिलाय," मिस्त्री म्हणाले, "फक्त नको तिथंही दिलाय."

मी ती चावी हातात घेऊन उभा होतो. मला आठवली कैकेयी. युद्धात दशरथाच्या रथाची खीळ निघाली आणि तिने आपला हात आसात घालून चाक सावरून धरले, अशी कथा आपण लहानपणी ऐकतो. त्या उपकाराचे दोन वर, आणि त्या वरांपायी पुढचे सारे रामायण. मी ती वर्गात कितीदा सांगितली असेल. पण एक खीळ निघाली तर काय होते, हे तिथे त्या कठड्याशी उभे राहिल्यावर उमगले. आपल्या भाषेनेही खिळीवर मोठा अन्याय केला आहे. काम अडले की आपण म्हणतो 'खीळ बसली'. वास्तविक खीळ बसलेली असते म्हणूनच गाडा चालतो.

बाईसाहेब ट्रकवर चढल्या आणि मुंबईऐवजी पुण्याकडे गेल्या. मामांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. मग म्हणाले, "गाडी नाही तर नाही. मेळावा बघायला माणूस तर जाऊ शकतो. चला लोणावळ्याला, रेल्वेने जाऊ."

रेल्वे खंडाळा सोडून बोगद्यांत शिरली आणि थोड्याच वेळात मंकी हिलपाशी थांबली. ना फलाट, ना चढणारे, ना उतरणारे. कन्येने विचारले, "इथे का थांबली?" समोरच्या बाकावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. ते म्हणाले, "ब्रेक तपासायला. घाट उतरणाऱ्या गाडीने थांबून दाखवायचं असतं. या मार्गाचा उतार ३७ फुटांना एक फूट. पूर्वापार पद्धत अशी, की उतारावर ठरावीक ठिकाणी काटा सरळ रुळांना लावलेलाच नसतो. तो बाजूच्या चढणीवर जाणाऱ्या रुळांना लावलेला असतो. गाडीने थांबून दाखवलं, म्हणजे मग काटा फिरवून वाट मोकळी करायची. नाही थांबली, तर ती त्या चढणीवर चढून आपोआप अडेल." त्यांनी असेही सांगितले, की १८६९ सालच्या जानेवारीत उतरणाऱ्या एका गाडीला घाटात आवर बसला नव्हता आणि मोठा अपघात झाला होता. रेल्वे आपल्या गाडीवर विश्वास ठेवून तिला घाटात सोडत नाही. आधी तिचा पुरावा घेते.

गाडी हलली. ठाकूरवाडीच्या जवळ पुन्हा थांबली. मामा खिडकीतून बाहेर बघत होते. ते माझ्याकडे न वळताच म्हणाले, "एवढी मोठी गाडी. हजार माणसं बसली आहेत. दोनदा थांबली, तिला कमीपणा वाटला नाही. मला मात्र चहाला थांबायला सुचलं आणि चाक बघायला सुचलं नाही." मग जरा वेळाने, "तू बोलायला हवं होतंस रे."

"हो मामा," मी म्हणालो.

पुण्याला परतल्यावर मिस्त्रींनी बाईसाहेबांना तीन आठवडे अंथरुणावरच ठेवले. रविवारी कन्या आणि मी तिथे जाऊन बसू लागलो. मिस्त्रींच्या हाताखाली बसणे म्हणजे एखाद्या जुन्या शास्त्र्यापाशी संथा घेणे. ते ड्रम टांगून हातोडीने हळूच वाजवीत. बिडाचा चांगला ड्रम 'ठण्ण' वाजतो. तडा गेलेला भद्द बोलतो. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारतो तेच हे शास्त्र. मग ते आतला व्यास मोजत. या गाडीचा ड्रम ११ इंची. घासून, खरवडून तो फार मोठा झाला असेल तर भिंत पातळ झालेली असते, आणि पातळ ड्रम लवकर तापतो, लवकर वाकतो. चौघांतला एक त्यांनी बाद केला. डाव्या मागच्या चाकात ग्रीस गळून लायनर ओला झाला होता. तो धुऊन वापरू का, असे मामांनी विचारले. "तेल प्यालेला लायनर आणि दारू प्यालेला माणूस," मिस्त्री म्हणाले, "धुऊन शुद्धीवर येत नाही." लायनर नवे आले, अॅस्बेस्टॉसविरहित.

चाकांचे आरे त्यांनी पेन्सिल फिरवून ऐकले, जोडाच्या ठिकाणी भिंगातून पाहिले. टायरच्या नक्षीकडे त्यांनी बघितलेसुद्धा नाही. बाजूची रबराची भिंत वाकवून पाहिली. ती बारीक भेगांनी भरली होती. नक्षी कोरी राहिली म्हणून टायर तरुण ठरत नाही. रबर उभ्या उभ्याही म्हातारे होते. पाचही नटांखालचा रंग खरवडला, नट समोरासमोरच्या जोडीने आवळले, आणि शंभर किलोमीटर चालवून पुन्हा आवळले. नवी चावी, नवी पिन. नट आवळून झाला तेव्हा भोक खाचेसमोर आले नाही. मिस्त्रींनी पाना मामांच्या हातात दिला. "अण्णासाहेब, पुढे." मामांनी सारा भार टाकून तो पुढे फिरवला.

फेब्रुवारीच्या एका रविवारी आम्ही पुन्हा निघालो. या खेपेला मेळावा नव्हता. गाडी चालवून, तपासून बघायची, एवढेच काम. मिस्त्री मामांच्या शेजारी, मी आणि कन्या मागे. मी कान टवकारून बसलो होतो. खंडाळ्याला थांबलो. चारही चाके पाहिली, टोप्या काढून पिना पाहिल्या, ब्रेक दाबून गाडी जागच्या जागी धरते का ते पाहिले. इंजिन चालू करण्याआधी मिस्त्रींनी मामांना दुसऱ्या गिअरची आठवण दिली. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. जुन्या गाडीत भर उतारावर खालचा गिअर पडत नाही, दाते नुसते करकरतात, आणि तेवढ्या वेळात गाडी हातची जाते. म्हणून तो माथ्यावरच घालायचा.

आमच्या महाविद्यालयातल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी मला कागदाच्या पाठीवर एक गणित करून दिले होते. माणसांसकट १३०० किलोंची गाडी ५०० मीटर खाली आणायची, तर जेवढी उष्णता निर्माण होते तेवढीत सुमारे १९ लिटर गार पाणी उकळेल. म्हणजे आंघोळीचा एक लहान बंब. ही उष्णता इंजिनाने, वाऱ्याने वाटून घेतली नाही, तर ती चार ड्रमांत जाते. ड्रम तापून फुगतो, आतल्या कमानींपासून लांब जातो. लायनरची पकड निसटते. पायाखालची पट्टी खोल खोल जाऊ लागते. चालक दाबतो आहे, गाडी ऐकत नाही. नवा असो जुना असो, ड्रमचा हा धर्म आहे. जुन्याला फक्त सवलत कमी.

घाटात काही अंतर जुना रस्ता द्रुतगती मार्गाला मिळतो आणि पुन्हा खोपोलीकडे सुटतो. तेवढ्या पट्ट्यात मोठमोठे कंटेनर आमच्या डोक्यावरून गेल्यासारखे गेले. मामा कडेची मार्गिका धरून होते. इंजिन गुरगुरत गाडीला मागे ओढत होते. ब्रेक लागे तो वळणाआधी, थोडा आणि ठाम. मग पाय पूर्ण वर. एकदा वळणावर समोरून ट्रक अंगावर आल्यासारखा झाला. मामांनी पाय दाबला आणि गाडी सरळ, न वाकडी होता, थांबली. कन्येने माझा दंड घट्ट धरला होता. 'टक्' झाले नाही.

शिंग्रोबाच्या देवळापाशी आम्ही मुद्दाम थांबलो. सांगतात, की या डोंगरातली वाट इंग्रजांना सापडेना तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली, आणि बक्षीस म्हणून देशाचे स्वातंत्र्य मागितले म्हणून त्याला गोळी घातली. घाटातून जाणारे चालक त्याच्यापुढे नाणे टाकतात. याच देवळाच्या परिसरात २०२३ च्या एप्रिलमध्ये एक बस दरीत कोसळली आणि पथकात वाजवायला गेलेली तरुण मुले गेली. तिथे उभे राहिले की कोणाचीही श्रद्धा हसण्यावारी नेववत नाही.

मिस्त्री खाली उतरले, पण आधी देवळाकडे गेले नाहीत. त्यांनी चारही चाकांजवळ तळहाताची मागची बाजू नेऊन ऊब पाहिली. स्पर्श केला नाही. तीन सारखे होते. पुढचे डावे जरा जास्त गरम. कन्या पाण्याची बाटली घेऊन धावली. "नको!" ते म्हणाले. "तापलेल्या बिडावर गार पाणी टाकलं की तडा जातो. त्याला बसू दे. तापलेला माणूस आणि तापलेला ड्रम, दोघांनाही वेळ द्यावा." आम्ही वीस मिनिटे बसलो. त्यांनी त्या चाकाच्या सळीचा ताण थोडा सैल केला. मग हात धुऊन ते देवापुढे गेले आणि नाणे टाकले. मामांनीही टाकले.

खोपोलीला पोहोचलो तेव्हा दहा वाजले होते. मामांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, आणि दोन्ही हात चाकावर ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "वडील इथे उतरून भजी घ्यायचे." आम्ही बटाटेवडे घेतले. वडे खाऊन झाले, तसे ते माझ्याकडे वळले.

"काही आवाज आला का रे?"

"नाही मामा."

"आला असता तर?"

"सांगितलं असतं."

"हं," ते म्हणाले, आणि चहा मागवला.

परवा दसऱ्याला आम्ही सगळे मामांकडे होतो. दारात बाईसाहेब झेंडूच्या माळा लेवून उभ्या होत्या. मामींनी पूजेचे ताट आणले. त्यात हळदकुंकू, आपट्याची पाने, मिस्त्रींचा तो दोन फुटी पाना, आणि पानाच्या विड्यावर ठेवलेली ती झिजलेली चावी. मामांनी आधी पान्याला कुंकू लावले, मग चावीला, मग गाडीला. नंतर आपट्याचे पान कन्येच्या हातावर ठेवत ते म्हणाले, "सोनं घे. आणि आवाज आला, की असाच सांगत जा. कोणाचीही भीड ठेवू नकोस."

कन्येने वाकून नमस्कार केला. मीही पान पुढे केले. मामांनी ते घेतले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुलाही तेच सांगतोय, मास्तर."